मनाच्या तपासणीला पाड्यावरची भाषा हवी

‘गेल्या दोन आठवड्यांत वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागायला त्रास झाला का?’ नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या एका चाचणीतला हा सातवा प्रश्न. ‘पीएचक्यू-९’ या नावाने ही चाचणी ओळखली जाते. मुंबईतल्या बँक कर्मचाऱ्याला हा प्रश्न लगेच कळेल. पण दिवाळीनंतर घरदार घेऊन वीटभट्टीवर ‘जगायला’ गेलेल्या, अक्षरओळख नसलेल्या कातकरी बाईला तो विचारला तर? ती ‘नाही’ म्हणेल. तिच्या झोपडीत वर्तमानपत्र येत नाही आणि टीव्हीही नाही. तपासणीच्या कागदावर मात्र त्या ‘नाही’ला शून्य गुण मिळतात. म्हणजे या बाबतीत तिला काहीच त्रास नाही, अशी नोंद होते.

याच चाचणीत भुकेचा प्रश्न आहे. भर पावसाळ्यात ज्या घरातले धान्य संपत आले आहे, तिथली बाई ‘जेवण जात नाही’ म्हणाली तर भूक मेली आहे की भाकरी कमी पडते आहे, हे पुढे विचारल्याशिवाय कळत नाही. झोपेचाही प्रश्न आहे. तारापूरच्या कारखान्यात आठवडाभर रात्रपाळी करणारा कामगार ‘झोप लागत नाही’ म्हणाला, तर दोष मनाचा की पाळीचा, हेही पुढे विचारूनच समजते.

चाचणी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ती उपयुक्त आहे, तपासलेली आहे आणि असंख्य रुग्णांना तिच्यामुळे वेळेवर उपचार मिळाले आहेत. मुद्दा इतकाच, की मन मोजण्याचे कोणतेही साधन कुठे तरी, कुणा तरी माणसांसाठी तयार झालेले असते. ते दुसऱ्या माणसांसाठी वापरताना त्यांची भाषा, रोजचे जगणे आणि दुःख सांगण्याची त्यांची रीत माहीत असावी लागते. मानसशास्त्रात याला ‘सांस्कृतिक जाण’ म्हणतात. पालघरसारख्या जिल्ह्यात तिच्याशिवाय निदानच चुकू शकते.

एका जिल्ह्यात अनेक जगं

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा. त्याच्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, धोडिया, दुबळा अशा या जमाती. त्यांतल्या कातकरींची गणना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत केली आहे. किनाऱ्यावर मांगेला, भंडारी, वाडवळ यांची वस्ती. बोईसरजवळच्या पाम, कुंभवली, कोलवडे या पट्ट्यात शेतीवाडीची जुनी गावे आणि तारापूरची औद्योगिक वसाहत एकमेकांना खेटून आहेत. त्या वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार चाळीतल्या एकेका खोलीत चार-पाच जण मिळून राहतात. अणुऊर्जा प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतल्या लोकांना आपली घरे सोडावी लागली. गाव सुटल्याचे दुःखही याच मातीत आहे.

या सगळ्यांसाठी डॉक्टर बहुतेकदा एकच, आणि प्रश्नही तेच. भाषा प्रमाण मराठी किंवा कामचलाऊ हिंदी. वारली बोलणाऱ्या आजीला, भोजपुरी बोलणाऱ्या हेल्परला आणि मांगेली बोलणाऱ्या मच्छीमाराला ‘तुम्हाला उदास वाटते का?’ असे विचारले, तर तिघेही मान हलवतील. पण त्या मान हलवण्याचा अर्थ तिघांच्या बाबतीत वेगळा असू शकतो.

आपल्याकडे मनाचे दुखणे बहुधा शरीराच्या भाषेत सांगितले जाते. ‘जीव घाबरतो’, ‘छातीत धडधडतं’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं जड झालंय’, ‘कशात जीव लागत नाही’. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. वासुदेव परळीकर आणि सहकाऱ्यांनी ‘अशक्तपणा’ या एकाच तक्रारीचा बारकाईने अभ्यास केला. थकवा घेऊन आलेला माणूस आपल्या दुखण्याला काय नाव देतो, कशामुळे झाले असे मानतो, हे त्यांनी रुग्णांच्याच शब्दांत समजून घेतले. टॉनिकची बाटली लिहून देण्याआधी या शब्दामागे काय आहे ते विचारायला हवे, हा त्यातून घेण्यासारखा धडा.

चूक दोन्ही बाजूंनी होते

सांस्कृतिक जाण नसली की पहिली चूक होते ती वेगळेपणाला आजार ठरवण्याची. नवरा गेल्यावर काही महिने त्याची हाक ऐकू येते असे एखादी बाई सांगते. अनेक समाजांत हा शोकाचा नेहमीचा भाग मानतात. केवळ तेवढ्यावरून तिला भास होतात असे लिहिणे घाईचे ठरेल. देवकार्यात अंगात येणे हेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणातही स्पष्ट म्हटले आहे की, समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक किंवा सांस्कृतिक प्रथेचा भाग म्हणून अंगात येत असेल, तर तो विकार धरू नये. परक्या माणसासमोर खाली मान घालून दोन शब्दांत उत्तर देणाऱ्या आदिवासी तरुणीच्या नोंदीत ‘प्रतिसाद कमी’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात ते संकोचाचे किंवा भीतीचे लक्षण असू शकते. सरकारी कार्यालयात पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घ्यावे लागले, तर माणूस कमीच बोलतो.

दुसरी चूक याच्या उलट, आणि तितकीच घातक. खरा आजार ‘त्यांच्यात असेच असते’ म्हणून सोडून देणे. एखादा तरुण आठवडेच्या आठवडे झोपत नाही, एकटाच बडबडतो, घरचेच विष घालतील म्हणून जेवत नाही, कामावर जाणे बंद करतो. हे ‘बाहेरचे’ मानून घरचे थांबले आणि ‘आदिवासींच्या समजुती’ म्हणून यंत्रणाही थांबली, तर सर्वाधिक उपयोगी पडणारे सुरुवातीचे महिने वाया जातात. फेफऱ्याचेही तसेच. तो मेंदूचा आजार आहे आणि नियमित गोळ्यांनी बहुतेकांचे झटके आटोक्यात येतात.

या दोन चुकांमधली वाट एकाच पद्धतीने सापडते. हा माणूस त्याच्याच समाजातल्या लोकांना बदललेला वाटतो का, हे विचारणे. पाड्यावरच्या चार जाणत्या माणसांना ‘हा आपल्यासारखा राहिला नाही’ असे वाटत असेल, त्याचे काम, जेवण, नाती बिघडली असतील, तर तिथे उपचारांची गरज आहे. सगळ्यांना ते नेहमीचे वाटत असेल, तर डॉक्टरने थांबून पुन्हा विचार करावा.

बुद्ध्यांकाचा शिक्का

लहान मुलांच्या बाबतीत ही चूक आयुष्यभर पुरते. शाळेत मागे पडणाऱ्या मुलाची बुद्ध्यांक चाचणी होते. आपल्याकडे अजूनही वापरात असलेल्या चाचण्यांपैकी एक म्हणजे बिने-कामत. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये फ्रान्समधल्या बिने चाचणीला मराठी आणि कन्नड मुलांसाठी नवे रूप दिले. परदेशी चाचणी जशीच्या तशी चालणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे नागपूरला डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी आणखी एक चाचणी तयार केली. पण या चाचण्यांच्या मोजपट्ट्या आता कितीतरी दशके जुन्या झाल्या आहेत. शिवाय भारतीय मूल म्हणजे सगळीकडे एकच मूल नव्हे. जंगलातल्या झाडांची, रानभाज्यांची, ओढ्यातल्या माशांची डझनावारी नावे सांगणारे मूल चाचणीत आलेल्या अनोळखी शब्दावर अडते, तेव्हा त्याची बुद्धी कमी पडली की ओळख, हा प्रश्न उरतोच.

आफ्रिकेतल्या लायबेरियात १९६० च्या दशकात एक प्रयोग झाला. संशोधकांनी क्पेले जमातीच्या शेतकऱ्यांसमोर वीस वस्तू ठेवल्या आणि एकमेकींशी जाणाऱ्या वस्तू वेगळ्या करायला सांगितल्या. अपेक्षा होती की खाद्यपदार्थ एकीकडे, अवजारे एकीकडे, भांडी आणि कपडे वेगळे असे चार ढीग होतील. शेतकऱ्यांनी सुरीजवळ फळ ठेवले, कुदळीजवळ बटाटा. सुरीने फळ कापतात, कुदळीने बटाटा खणतात. शहाणा माणूस असेच करील, असे ते म्हणाले. शेवटी एका संशोधकाने विचारले, ‘मूर्ख माणूस कसे करील?’ तेव्हा मात्र अपेक्षित असलेले चार नीटनेटके ढीग समोर आले.

अमेरिकेतल्या रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा बुद्ध्यांक शाळेत ८२ आला. शिक्षणाचा नाद सोडून गवंडीकाम शिक, असा सल्ला त्याला मिळाला. तो पुढे मानसशास्त्रात पीएच.डी. झाला, प्राध्यापक झाला. १९७२ मध्ये त्याने कृष्णवर्णीयांच्या बोलीतल्या शब्दांवर शंभर प्रश्नांची चाचणी बनवली. तिच्यात गोरी मुले मागे पडली आणि कृष्णवर्णीय मुले पुढे गेली. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने, केवळ बुद्ध्यांक चाचणीच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकण्याला मनाई केली. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्णभेदाला आपल्या शास्त्राने हातभार लावल्याबद्दल जाहीर माफी मागितली.

मग पालघरमधल्या मुलाचे काय करावे? चाचणी टाकून देण्याचे कारण नाही. गरजू मुलाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि सवलती तिच्यामुळेच मिळतात. पण शास्त्राचा नियमच असा आहे की, बौद्धिक अक्षमतेचे निदान नुसत्या आकड्यावर होत नाही. मूल आपल्या वयाच्या मानाने रोजचे व्यवहार किती करते, हेही पाहावे लागते. धाकट्या भावंडाला दिवसभर सांभाळणारे, बाजारातून हिशेबाने मीठ-मिरची आणणारे, शेळ्या वळवून संध्याकाळी मोजून घरी आणणारे मूल आणि त्याच्या कागदावरचा कमी आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर फेरतपासणी मागणे हा पालकांचा हक्क समजावा. कान आणि डोळे तपासले का, चाचणी मुलाला कळणाऱ्या बोलीत घेतली का, वर्षातले किती महिने ते शाळेत होते, हे तीन प्रश्न तर विचारायलाच हवेत.

कोसबाडने दाखवलेली वाट

या बाबतीत पालघरला फार लांब पाहण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई मॉन्टेसरी पद्धतीच्या जाणकार. ही पद्धत इटलीतली, साधने महागडी. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर ‘यांना शिक्षणाची आवड नाही’ असे म्हणून दोघी थांबल्या नाहीत. मूल का येत नाही, हे त्यांनी पाहिले. ते गुरे चारते, धाकट्याला सांभाळते, पोटाच्या मागे असते. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात कुरणशाळा भरली. लहानग्याला सांभाळणाऱ्या ताईसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आली. मॉन्टेसरीच्या साधनांची जागा खडे, शिंपले, पाने, बिया यांनी घेतली. आज देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द याच प्रयोगांशी जोडलेला आहे.

बालमानसशास्त्राचे तत्त्व त्यांनी सोडले नाही, त्याचे साहित्य आणि वेळापत्रक बदलले. मानसिक आरोग्यसेवेला नेमके हेच करायचे आहे. शास्त्र तेच राहील. प्रश्नांचे शब्द, भेटीची जागा आणि वेळ मात्र समोरच्या माणसाच्या जगण्यातून ठरेल. वीटभट्टीचा हंगाम चालू असताना दर पंधरा दिवसांनी तालुक्याला या, असे सांगणे म्हणजे येऊ नका असेच सांगणे.

आपल्याच शब्दांत विचारले की लोक येतात

असे बदल केल्याने फरक पडतो का, याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर ताणतणावाबद्दल बोलायला सुरुवात केली, समुपदेशक त्यांच्या पाठीशी होते आणि गरज पडेल तिथे मनोविकारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच उपचारासाठी कुणाकडे तरी जात होते. प्रकल्पानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतात निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले होते. त्या तुलनेत ही झेप मोठी आहे.

झिम्बाब्वेत शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. अर्थ, ‘फार विचार करणे’. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तिथल्या लोकांच्याच शब्दांतून १४ प्रश्नांची यादी तयार केली. पुढे तिथले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी तिथल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेर बाकावर बसवले. आजीशी बोलून लोकांचा त्रास कमी होतो, हे २०१६ च्या अभ्यासात दिसले. पालघरच्या पाड्यांवर आशा ताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. ‘फार विचार येतात का?’ हा प्रश्न मराठीतही सरळ कळतो.

भगताचे काय?

पाड्यावर दुखणे आले की पहिली पायरी बहुधा भगताची. त्याला शत्रू ठरवले की लोक डॉक्टरपासून गोष्टी लपवू लागतात आणि उपचार मध्येच सोडतात. शेजारच्या गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात यावर एक तोडगा निघाला. ‘दवा आणि दुआ’ या उपक्रमात मुजावरांनाच गंभीर लक्षणे ओळखायला शिकवले. दुआ मागायला आलेल्या रुग्णाला ते तिथल्याच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. श्रद्धा सोडण्याची अट नाही आणि गोळ्याही चालू.

मात्र इथे एक रेघ ठाम हवी. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. बांधणे, मारणे, चटके देणे, उपाशी ठेवणे याला संस्कृतीचे नाव देता येत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. धीर देणारा, अंगारा लावून ‘आता डॉक्टरकडेही जा’ म्हणणारा भगत सोबतीला घ्यावा. औषध बंद करायला लावणाऱ्यापासून रुग्णाला दूर ठेवावे.

कायदा रुग्णाच्या बाजूने

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात या साऱ्याची दखल आहे. एखादी व्यक्ती विशिष्ट सांस्कृतिक, वांशिक किंवा धार्मिक गटातली आहे यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येत नाही. जात, धर्म, संस्कृती, वर्ग यांवरून भेदभाव न करता, रुग्णाला आणि कुटुंबाला स्वीकारता येईल अशा रीतीने उपचार मिळण्याचा हक्क हा कायदा देतो. आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती समजेल अशा भाषेत मिळणे हाही रुग्णाचा हक्क आहे. वारली किंवा भोजपुरी समजणारा माणूस मागणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास नव्हे.

दुभाषा निवडताना एक पथ्य पाळावे. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून आईचे दुखणे वदवून घेऊ नये. सासूच्या तोंडून सुनेचे, ठेकेदाराच्या तोंडून कामगाराचेही नको. जिचा किंवा ज्याचा धाक आहे, त्याच्यासमोर खरे बोलले जात नाही. आशा ताई, परिचारिका किंवा रुग्णाने स्वतः निवडलेले माणूस चालेल.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत घातली. तिचा गाभा चार प्रश्नांत सांगता येईल. तुम्ही घरच्यांना हे दुखणे कोणत्या शब्दांत सांगता? कशामुळे झाले असे तुम्हाला वाटते? आतापर्यंत कुणाकुणाकडे गेलात, काय उपयोग झाला? आमच्याकडून काय व्हावे असे वाटते? हे विचारायला पाच-सात मिनिटे लागतात आणि कोणतेही यंत्र लागत नाही. पीएचक्यू-९ त्यानंतर भरावी. सातव्या प्रश्नात वर्तमानपत्राऐवजी वीट थापताना, जाळे विणताना, मशीनवर उभे असताना लक्ष लागते का, असेही विचारून पाहावे.

समाजातून आलेले समुपदेशक वाढणे हा यापुढचा टप्पा. आश्रमशाळेत शिकून पदवीपर्यंत आलेल्या वारली, कोकणा, कातकरी मुलामुलींना मानसशास्त्र हा विषय आपला वाटायला हवा. त्यासाठी शिष्यवृत्ती लागेल, आणि आपली बोली ही कमतरता नसून या कामातली पात्रता आहे, हे सांगणारे शिक्षकही लागतील.

तोवर ज्यांना आज मदत हवी आहे, त्यांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करावी. गंभीर आजारासाठी ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. मराठी, हिंदीसह अनेक भारतीय भाषांत तिथे बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलून दाखवले, तर वाट न पाहता त्याच दिवशी फोन लावावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.